हिमानीचे डोहाळे

हिमानीला सहावा महिना लागला आणि काशीत धुकं उतरलं. ब्रह्माघाटावरच्या घराच्या खिडकीतून एरवी गंगा दिसायची. आता बाहेर नुसतं पांढरं असायचं, आणि त्या पांढऱ्यातून वल्ह्यांचा आवाज यायचा. नवरा निनाद रेल्वेच्या ट्रेनिंगसाठी तीन महिने वडोदऱ्याला गेला होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितल्यामुळे तिने बँकेतून रजा घेतली होती. घरात ती आणि सासरे, बिंदुमाधवशास्त्री, एवढेच. सासूबाई शरदिनी जाऊन नऊ वर्षं झाली होती.

दुपारी तिला झोप लागे आणि झोपेत ती रोज एकच पदार्थ खाई. जागी झाल्यावर जिभेवर चव नसायची. ती आत्ता इथे होती आणि उठून गेली, असं वाटायचं.

"काय खावंसं वाटतं?" शास्त्रींनी एकदा खिडकीकडे बघत विचारलं. हे विचारायचं काम बायकांचं, पण विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

"चॉकलेट कस्टर्ड पाय."

"पाय?"

हिमानीला हसू आलं. बँकेच्या ट्रेनिंगला पुण्यात असताना तिने तो एकदाच खाल्ला होता. खाली खुसखुशीत बिस्किटासारखी वाटी, आत दूध आणि चॉकलेटचं घट्ट, गार कस्टर्ड. शास्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी करतो," ते म्हणाले. "तू कृती सांग."

तिने मोबाइलवरून वाचली, त्यांनी वहीत उतरवली. चौथ्या ओळीला त्यांचं पेन थांबलं.

"अंड्याचा पिवळा बलक, चार."

"बाबा, कॉर्नफ्लॉवर जरा जास्त घातलं की बलक नसला तरी जमतं."

"पुण्यात खाल्लास त्यात होता?"

"होता."

ते वहीकडे बघत म्हणाले, "निनादच्या वेळी शरदिनीला भट्टीतला गरम पाव खावासा वाटला होता. मी म्हटलं, पाव आपल्या घरात येत नाही. ती 'बरं' म्हणाली. पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही तिने."

"मग?"

"मग काही नाही. निनाद झाला." त्यांनी ओळ पूर्ण केली. चार.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः चौखंबा मोहल्ल्याच्या पुढे जाऊन अंडी घेऊन आले. धुक्यात कोणी ओळखीचं दिसलं नाही. दिसलं असतं तरी थांबून बोललो असतो, असं त्यांनी हिमानीला आल्या आल्या सांगितलं. दुकानदाराने मात्र विचारलंच होतं, "गुरुजी, किसके लिए?" ते म्हणाले होते, "बहू के लिए." त्याने एक अंडं जास्त दिलं.

स्वयंपाकघरात अंडी नेली नाहीत. गच्चीवरच्या खोलीत हिमानीच्या लग्नात आलेला ओव्हन होता. तिथेच नवं पातेलं आणि छोटा गॅस मांडला. हिमानी शाल पांघरून खुर्चीत बसली. शास्त्रींनी मैद्यात गार लोणी बोटांच्या टोकांनी चोळलं. पन्नास वर्षं पिंडांचं पीठ मळलेली बोटं होती ती. जास्त मळायचं नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. बर्फाचं पाणी शिंपडून गोळा केला, झाकून ठेवला, मग लाटून ॲल्युमिनियमच्या ताटलीत बसवला. फुगू नये म्हणून वर कागद घालून वजनाला कोरडा राजमा पसरला आणि भाजायला ठेवला.

कस्टर्ड मात्र फसलं. बलक त्यांनी उकळत्या दुधात एकदम ओतला आणि दुधात पिवळ्या गाठी तरंगू लागल्या. ते पातेल्यात बघत राहिले.

"चुकलं माझं."

"माझं चुकलं. दूध थोडं थोडं बलकात घालायचं, हे मी वाचलंच नाही," हिमानी म्हणाली. "राहू द्या, बाबा. इतकं केलंत ते पुष्कळ आहे."

ते खाली उतरले, आणि अर्ध्या तासाने पुन्हा अंडी घेऊन जिना चढून आले. या वेळी त्यांनी एका हाताने धारेने दूध सोडलं, दुसऱ्या हाताने बलक ढवळत राहिले, अभिषेकाची धार धरावी तसं. सगळं परत मंद आचेवर ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग डाव जड झाला. चॉकलेटचे तुकडे टाकले तसा तपकिरी रंग हळूहळू पसरला, आणि खोलीत असा वास भरला की हिमानीचे डोळे आपोआप मिटले. दारातून धुकं आत येत होतं. खाली कुठेतरी घंटा वाजत होती. मधल्या काळात तिला डुलकी लागली असावी, कारण तिने डोळे उघडले तेव्हा कस्टर्ड भाजलेल्या वाटीत ओतून झालं होतं आणि शास्त्री ताटली गच्चीच्या कठड्यावर गार करायला ठेवून शेजारी उभे होते, माकडांवर नजर ठेवून.

चार वाजता त्यांनी सुरीने त्रिकोण कापून तिच्या हातात दिला. त्याचं टोक जरा ढासळलं. ते समोर पाटावर बसले. स्वतः खाणार नव्हते, आणि तिने आग्रहही केला नाही.

तिने पहिला घास घेतला.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं. "मला सांग. नीट सांग."

"आधी गार लागतं," ती म्हणाली. "मग थोडं कडू. मग दूध येतं, साय विरघळावी तसं. खालचं बिस्किट खारट आहे, त्यामुळे गोड उशिरा कळतं."

शास्त्री डोळे मिटून ऐकत होते.

"आणि कड?"

"कड एका बाजूला करपलीय."

"हं," ते म्हणाले. "मला वाटलंच. आणि पुण्यातल्यासारखं आहे?"

हिमानीने दुसरा घास तोंडात घोळवला. पुण्यातला आता तिला नीट आठवेना.

"नाही," ती म्हणाली. "हे वेगळं आहे. पण मला हेच हवं होतं."

त्यांनी मान डोलावली आणि तिच्यासाठी दुसरा त्रिकोण कापायला घेतला.