दोन बोटांचा चमत्कार

रविवारी सकाळी गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, बाक भरले, मग लोक भिंतीला टेकले, आणि उशिरा आलेल्यांनी दारातच पाय रोवले. समोर लाकडी चौथऱ्यावर वजनकाटा होता, वखारीत पोती तोलायला असतो तसाच. त्यावर पांढरं कापड घातलेलं होतं. कापडाखाली काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सगळे त्याच्याकडे श्वास रोखून बघत होते.

कापड दूर करणाऱ्या गृहस्थांना लोक 'मार्गदाते' म्हणत. पांढरा सदरा, पांढरी पँट, आवाज लोण्यासारखा. आपण डॉक्टर नाही हे ते स्वतःच सांगत, आणि तेही अशा थाटात की ऐकणाऱ्याला डॉक्टरांचीच कीव यावी.

"डॉक्टर शरीराशी बोलतात," ते म्हणाले, "मी चरबीशी बोलतो. चरबी म्हणजे पाहुणी. तुम्ही तिला भात, पाव, बटाटा, साखर वाढता, मग ती कशाला उठेल? वाढणं बंद करा. पुढचं मी बघतो. मी तिला हाक मारतो."

मग डोळे मिटून ते खरोखरच हाक मारत. चरबीला कान असावेत, कारण ती उठून जात असे. त्या दिवशी समोरच्या इमारतीतला लिफ्टवाला काट्यावर चढला. आठवड्यापूर्वी ब्याण्णव होता, आता लाल आकडे शहाऐंशीवर थांबले. गोदाम टाळ्यांनी दणाणलं. लिफ्टवाला म्हणाला की जन्मभर लोकांना वर-खाली नेलं, पण स्वतः खाली यायची ही पहिलीच वेळ. पुन्हा टाळ्या.

"काट्यावर विश्वास नसेल त्यांच्यासाठी आपल्या बाई आहेत," मार्गदाते म्हणाले, आणि गळ्यात मोजपट्टी घातलेली एक बाई पुढे झाली.

तिचं गावात कपडे शिवायचं दुकान होतं. हात इतका चोख की तिने घेतलेलं माप पुन्हा घ्यावं लागत नाही, अशी ख्याती. मार्गदाते सदरे शिवायला म्हणून तिच्याकडे आले आणि तिलाच घेऊन गेले. "तुमची पट्टी खोटी म्हणायची कुणाची छाती आहे?" असं ते म्हणाले होते. वीस वर्षं मान खाली घालून मशीन चालवणाऱ्या बाईला दोनशे माणसांनी मान वर करून बघावं, याचं सुख तिला आधी कधी मिळालं नव्हतं. लोक तिला 'पट्टीबाई' म्हणू लागले, आणि तेही तिला आवडलं.

आता शिवणकामात कंबरेचं माप घेताना पट्टीखाली दोन बोटं ठेवतात. नाहीतर कपडा अंगाला आवळतो. नवख्या माणसाचं पहिलं माप ती सवयीने तसंच घेई. दोन-तीन आठवड्यांनी मार्गदाते तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "दुसऱ्या वेळी बोटं नकोत. आपल्याला कपडा थोडाच शिवायचाय? अंगाचं खरं माप घ्या."

खऱ्या मापाला नाही कोण म्हणेल? मग पहिल्या दिवशीही खरंच माप का घ्यायचं नाही, हा प्रश्न तिच्या मनात आला होता. तिने तो विचारला नाही. दोन बोटं काढली की इंच-सव्वा इंच जागच्या जागी कमी होतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण समोरचा माणूस इतका हरखलेला असे की तिने स्वतःची समजूत घातली, आनंदच तर देतोय.

तिच्या दुकानात काजं-बटणं करायला तिची नणंद बसे. वन्सं तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, बोलायला फटकळ, कामाला वाघ. दुकान पहिल्या मजल्यावर, आणि सोळा पायऱ्या चढताना वन्संचे गुडघे बोलू लागत. मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्याच. वजन उतरलं तर गुडघे सुटतील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. वन्संचा बुवाबाजीवर काडीचा विश्वास नव्हता. तरी एका शनिवारी त्या चप्पल पायात सरकवत म्हणाल्या, "वहिनी, माप तू घेतेस ना? मग ते खरंच असणार. चल."

त्या एका वाक्यापाशी तिने थांबायला हवं होतं. ती थांबली नाही, पुढे होऊन तिने वन्संसाठी खुर्ची धरली.

पहिल्या आठवड्यात वन्सं पाच किलोंनी उतरल्या. चौथऱ्यावर उभ्या राहून त्या लाजल्या, आणि वन्संना लाजताना घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्याच दुपारी त्यांनी आपला निळा झगा आत घ्यायला दिला. शिवणीच्या आत जादा कापड राखतात, त्याला माया म्हणतात. वन्सं म्हणाल्या, "माया कापूनच टाक. आता परत वाढायचं नाही." ती हो म्हणाली. कात्री हातात घेतली, आणि तशीच खाली ठेवली.

दुसऱ्या आठवड्यात तीनशे ग्रॅम उतरले. तिसऱ्यात काटा चारशे ग्रॅम वर गेला.

"काटा खोटं बोलत नाही," मार्गदाते सगळ्यांसमोर म्हणाले. "ताई, तुमच्या मनात शंका शिरली आहे. आणि शंकेला फार वजन असतं."

गोदाम हसलं. वन्संचा चेहरा उतरला. आता कंबर मोजायची पाळी होती. तिने पट्टी इतकी ओढली की अंगावर वळ उठला, आणि अर्धा इंच कमी झाल्याचं जाहीर केलं. वन्संनी तिच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. ती नजर तिला पुढे कितीतरी दिवस पुरली.

शंका घालवायची म्हणजे निष्ठा वाढवायची, आणि निष्ठा वाढवायची म्हणजे जेवण कमी करायचं, असा हिशोब वन्संनी मनाशी मांडला. भात, पाव आधीच सुटले होते. आता रात्रीचं जेवण सुटलं, मग सकाळचंही. वाटीभर सूप, दोन-चार काकडीच्या फोडी. गोळ्या मात्र वेळच्या वेळी, कारण वन्सं शिस्तीच्या.

मंगळवारी दुपारी काज करताना त्यांचा हात थरथरू लागला. कपाळावर घाम डवरला. त्या काहीतरी असंबद्ध बोलल्या, सुई हातातून पडली, आणि त्या मशीनच्या पेटीवर कलंडल्या. शुद्ध होती, पण नजर ओळखीची नव्हती. कॉलर बदलून घ्यायला आलेल्या मास्तरीणबाई ओरडल्या, "यांना गोड काहीतरी द्या आधी," आणि स्वतः डॉक्टरांना बोलवायला जिना उतरून पळाल्या.

चहाची साखर फळीवरच होती. तिने डबा हातात घेतला, आणि तिच्या मनात आलं, साखर? चार आठवड्यांचं व्रत मोडेल. क्षणभरच आलं. तेवढ्यात वन्संची मान लुळी पडली, आणि ओठांशी नेलेलं साखरेचं पाणी बाहेर ओघळलं. त्या गिळण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. तो क्षण केवढा होता, दोन श्वासांचा की तीन, हे ती आजही ठरवू शकलेली नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. बोटाला टोचून साखर बघितली, आणि शिरेतून साखरेची सुई दिली. थोड्या वेळात वन्संनी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं ते हे, की निळ्या झग्याचं काज पुरं झालं का.

"गोळीचं काम रक्तातली साखर उतरवायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही खाणं तोडलंत, गोळी तेवढीच ठेवलीत. आज या बाई जिना उतरल्या नसत्या तर मला तुमच्याशी बोलता आलं नसतं. पिष्टमय खाणं, म्हणजे भात-पाव, कमी करायला माझी ना नाही. पण मला विचारून, गोळी कमी करून करायचं असतं ते."

वन्संनी हळूच विचारलं की मग पहिल्या आठवड्यात पाच किलो गेले ते कसे.

डॉक्टरीणबाईंनी उलटतपासणीच घेतली. पहिलं वजन कधी केलं? शनिवारी संध्याकाळी. त्याआधी काही दिलं होतं? स्वागताचं म्हणून खारट सूप, दोन मोठे पेले. पायात बूट? होते, आणि अंगात जाड कोटही, जसे असाल तसे या म्हणाले होते. आणि दुसरं वजन? रविवारी सकाळी, उपाशीपोटी, अनवाणी. आणि पुढे? आधी तीनशे ग्रॅम उतरले, मग चारशे चढले, आणि सगळे हसले.

"मग हाक कशाला मारायला हवी होती?" त्या म्हणाल्या. "दीड-दोन किलो तर बूट, कोट आणि सूपच झालं. उरलेलं बहुतेक पाणी. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवतं, आणि साठ्याच्या तिप्पट पाणी धरून ठेवतं. भात-पाव बंद केला की साठा संपतो, पाणी निघून जातं. सगळ्यांचंच जातं. त्यात चरबी म्हणाल तर अर्धा किलो, फार तर एक. दुसऱ्या आठवड्यात तुमचं तीनशे ग्रॅम उतरलं ना, तीच तुमची खरी कमाई होती. आणि लोक तुम्हालाच हसले." मग त्यांनी विचारलं, "कंबर कोण मोजतं?"

"आमची वहिनी," वन्सं म्हणाल्या. आवाज क्षीण होता, पण त्यात अभिमान होता.

"मग तेवढं तरी खरं असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पिशवी बंद करू लागल्या.

तिने साखरेचा डबा उचलून फळीवर परत ठेवला.

दोन दिवसांनी वन्संनी निळा झगा उलटा केला. काज पुरं करायचं निमित्त होतं. शिवणीवरून बोट फिरवता फिरवता त्या थांबल्या.

"माया कापली नाहीस तू."

"नाही."

"मी सांगितलं होतं."

"हो."

वन्संनी झगा मांडीवर ठेवला. "म्हणजे तुला ठाऊक होतं, मी परत फुगणार ते."

मग तिने सांगितलं. दोन बोटांचं सांगितलं, ओढलेल्या पट्टीचं सांगितलं, साखरेच्या डब्याचंही सांगितलं. रडली नाही, कारण रडून माफी मागितली की समोरच्याला समजूत घालावी लागते, आणि तेवढा हक्क तिला उरला नव्हता. वन्सं रागावतील, फटकारतील, अशी तिची तयारी होती. त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाटत होतं, माझंच मन खोटं आहे."

मशीनवरून हात फिरवत त्या पुढे म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मी घरचीच. तिथे दोनशे माणसं बसतात."

रविवारी ती चौथऱ्यावर चढली. डॉक्टरीणबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी वन्सं. मार्गदात्यांनी नेहमीप्रमाणे तिच्याकडे हात केला. तिने लिफ्टवाल्याला बोलावलं, सगळ्यांना दिसेल असा त्याला उभा केला, आणि पट्टीखाली दोन बोटं घालून आकडा मोठ्याने वाचला. मग बोटं काढली आणि पुन्हा वाचला. सव्वा इंच कमी. मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

"भाऊ, मधल्या वेळात तुम्ही काही व्रत केलंत का?" तिने विचारलं. लिफ्टवाला म्हणाला की शिंकसुद्धा दिली नाही.

मार्गदाते हसून म्हणाले की बाईंच्या मनात शंका शिरली आहे. मागून डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सुचवलं की असेल तर तीही तोलून बघू. लिफ्टवाला अनवाणी काट्यावर चढला, उतरला, बूट चढवले, कोट घातला, दोन पेले सूप प्याला आणि पुन्हा चढला. एक किलो नऊशे ग्रॅम वाढला. "आताच एवढी चरबी आली कुठून?" तो म्हणाला. "तुम्ही हाक मारलीत का, साहेब?"

या वेळी गोदाम हसलं ते मार्गदात्यांना. त्यांनी पांढरं कापड घडी करून काखेत घेतलं आणि विश्वास नसलेल्या जागी ऊर्जा टिकत नाही, असं काहीसं पुटपुटत मागच्या दाराने निघून गेले. पण हसू ओसरल्यावर पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली. तिने चार महिने साखर पाहिली नव्हती. तिने मार्गदात्यांबद्दल काहीच विचारलं नाही.

"आणि बाई, तुम्ही इतके दिवस काय करत होतात?"

"खोटं मोजत होते, आजी," ती म्हणाली.

कुणी टाळी वाजवली नाही.

वन्संची गोळी आता कमी झाली आहे. भात थोडा, पाव क्वचित, भाज्या भरपूर, आणि जेवण तिन्ही वेळा. वजन आठवड्यातून एकदाच, एकाच वेळी, एकाच कपड्यांत. चार महिन्यांत साडेचार किलो उतरलं. मध्ये दोन आठवडे काटा ढिम्म हलला नाही, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "बसू दे त्याला, मीही बसते." कमरेचं माप त्या स्वतःच घेतात. ती मागत नाही, त्या देत नाहीत. बाकी दोघींचं बोलणं पूर्वीसारखंच चालतं, जवळजवळ.

परवा शेजारच्या गावातली एक बाई दुकानात आली. तिकडे कुणीतरी नवा आलाय म्हणे, दहा दिवसांत आठ किलो, जावं का? कापड बाजूला ठेवून तिने त्या बाईला खाली बसवलं. पहिल्या आठवड्यात जातं ते बहुतेक पाणी, हे सांगितलं. पुढे आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तर ते उत्तम, आणि एखादा आठवडा काहीच उतरलं नाही तर तो आपला अपराध नव्हे, हे सांगितलं. औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घासभरही बदल करू नका, हे दोनदा सांगितलं.

"आणि जायचंच असेल तर जरूर जा," ती म्हणाली. "श्रद्धा चांगलीच, मीही रोज हात जोडते. पण देवापुढे जोडायचे हात वजनकाट्यापुढे जोडू नका. तिथे तोंड उघडायचं आणि विचारायचं, हे कसं झालं? माझ्यापाशी विचारायला चार महिने होते, आणि मी एकदाही विचारलं नाही."