हंडा इकडे, टोपी तिकडे

“पिटा परत आणलास?” व्हिदोयेने फाटकातूनच विचारलं.

“आणला. तुझ्या भावाने वरचं फडकंसुद्धा उचललं नाही,” मी म्हटलं. “भट्टीची टोपीही दिली नाही. ज्याला हवी त्याने यावं, म्हणाला.”

माझ्या हातातला चीज भरून भाजलेला पिटा घेऊन व्हिदोयेने पायरीवर ठेवला आणि परसातल्या पिंपापाशी जाऊन उभा राहिला. पिंपात आलुबुखार आंबत पडले होते. गेल्या आठवड्यात त्यांचा खदखदाट माझ्या अंगणापर्यंत ऐकू येत होता. आता सगळं शांत झालं होतं, वरची साय खाली बसली होती. म्हणजे आंबवण तयार. दोन-चार दिवसांत गाळलं नाही तर आंबट होऊन सिरका होणार, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल.

आणि या वर्षी ते फुकट जाऊन चालणार नव्हतं. शनिवारी ल्युबिंकाला जाऊन सहा महिने होत होते. व्हिदोयेची बायको, आणि माझी जन्माची मैत्रीण. तिच्या कबरीवर याच आलुबुखारांची राकिया, म्हणजे आमची घरची दारू, ठेवायची, असं व्हिदोयेने ठरवून टाकलं होतं. झाडंही तिनेच लावलेली.

व्हिदोये जन्मभर रेल्वेच्या फाटकावर होता. गाडी आली की दांडा खाली, गेली की वर. बोलणं कमीच. पण शरद ऋतू आला आणि राकिया गाळायची वेळ झाली, की हा माणूस वेगळाच व्हायचा. एकेक आलुबुखार हातात घेऊन देठ काढायचा, डागाळलेला दिसला की डुकराला. स्वतः प्यायचा अंगठ्याएवढ्या ग्लासातून, तेही चाखण्यापुरतं. विकायचं तर नावच नको. कोणी घरी आलं, घोट घेतला आणि डोळे मिटले, की याची वर्षाची कमाई झाली. आम्ही चेष्टा करायचो, की याला पोरं झाली असती तर त्यांनाही असंच निवडून घेतलं असतं. तो हसायचा. ल्युबिंका मात्र अशा वेळी उठून आत जायची, मग आम्ही ती चेष्टा सोडून दिली.

आता टोपीची भानगड सांगते.

भट्टी त्यांच्या बापाची. तांब्याचा हंडा, आणि त्याच्यावर बसणारी लांब नळीची टोपी. म्हातारा गेला, त्याच्या वर्षदिनाला अर्धं गाव जेवायला आलं. राकिया व्हिदोयेने गाळलेली. पहिला ग्लास कडक लागला, तिसरा नुसता ओला. मिलिसाव, म्हणजे थोरला भाऊ, भडक डोक्याचा. तो पंगतीत उभा राहिला आणि म्हणाला, “बापाच्या नावाने गावाला पाणी पाजलंस!” आमच्याकडे राकियात पाणी घालणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. व्हिदोयेने खाली मान घातली आणि हूं की चूं केलं नाही. पुढे वाटण्या झाल्या. घर, बाग, गाय, सगळं सुरळीत पार पडलं आणि घोडं अडलं ते भट्टीवर. शेवटी व्हिदोयेने हंडा घेतला आणि मिलिसावने टोपी. टोपी काखेत मारून तो म्हणाला, आता गाळून दाखव. स्वतः तो तरी कशात गाळणार होता, हे त्या बैलाच्या ध्यानात आलं नाही.

मार्ग काढला तो ल्युबिंकाने. दर वर्षी ती पिटा करायची, परात घेऊन दिराकडे जायची आणि टोपी घोंगडीत गुंडाळून आणायची. इकडचं गाळून झालं, की हंडा आणि टोपी दोन्ही हातगाडीवर घालून तिकडे. पंचवीसेक वर्षं असं चाललं. भाऊ भावाशी बोलला नाही, पण राकिया दोघांनी गाळली. मिलिसावने लग्न केलं नाही, त्यामुळे त्याच्या घरी बाईमाणूस जायचं ते एवढ्या एका कामापुरतं.

पाणी घातलं होतं ल्युबिंकाने. मी तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात पाव कापत होते, माझ्या डोळ्यांदेखत घातलं. पंगतीत दोन चुलतभाऊ बांधावरून हमरीतुमरीवर आले होते, सुऱ्या समोरच होत्या. तिने विहिरीच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि बुधल्यात रिकामा केला. “उद्या शिव्या खाईन,” म्हणाली, “पण आज सासऱ्यांच्या पानावर रक्त नको.” शिव्या नवऱ्याने खाल्ल्या. तिच्या चेहऱ्याकडे एकदाच बघून त्याला सगळं कळलं होतं, आणि तो गप्प राहिला.

म्हणून मी त्याला पिंपापाशी गाठून म्हटलं, “आता सांगून टाक की खरं काय ते. ती गेली बिचारी, तिला आता कोण बोलणार आहे?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. “होती तोवर तिच्यावर ढकललं नाही,” तो म्हणाला. “आता आयती मातीत आहे म्हणून ढकलू?”

मग मी म्हटलं, वरच्या आळीत दुसऱ्याची भट्टी आहे, ती आण. तर म्हणे, एकदा दुसऱ्याची भट्टी आली की ती टोपी या घरात पुन्हा यायची नाही. तेही खरंच होतं. त्याला आता उरलं होतं कोण? तेवढा तो रागावलेला भाऊ.

दुपारी तो दाढी करून, कोट घालून माझ्या दारात आला. पिटा हातात. एकट्याने जायचा धीर होईना. मी शिव्या घालत चप्पल चढवली आणि निघाले.

मिलिसाव चुलीपाशी बसला होता. थकला होता तोही, गुडघे धरून उठला. आम्हाला ‘या’ म्हणाला नाही. व्हिदोयेने पिटा टेबलावर ठेवला आणि कोटाची बटणं चाचपत उभा राहिला.

“दादा,” तो म्हणाला, “पाणी मीच घातलं होतं. चुकलं माझं.”

मिलिसावने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “एवढी वर्षं घेतलीस, आणि शेवटी खोटंच बोललास,” तो म्हणाला. “पहिल्या वर्षी टोपी न्यायला आली, तेव्हाच सांगितलं तिने मला. त्या खुर्चीवर बसून.”

“मग?” व्हिदोयेचा आवाज चढला. “मग आला का नाहीस?”

मिलिसावने चुलीत एक लाकूड सरकवलं. फळीवर ल्युबिंकाची गेल्या वर्षीची परात घासूनपुसून ठेवली होती, ती मला आत्ता दिसली.

“समेट झाला असता,” तो म्हणाला, “तर टोपी न्यायला तूच आला असतास. ती कशाला आली असती पिटा घेऊन?”

व्हिदोयेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता जुंपते. पण तो हळूहळू त्या खुर्चीवर बसला.

“तिला माहीत होतं?”

“काय माहीत असणार? मी कधी काही बोललोय? घटकाभर बसायची, तुझी गाऱ्हाणी सांगायची, निघून जायची.”

“कसली गाऱ्हाणी?”

“घोरतोस. आणि भट्टी पेटली की बायकोला ओळखत नाहीस.”

व्हिदोये हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं. मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. रडणाऱ्या पुरुषांपाशी बायकांनी थांबू नये, असं माझी आई म्हणायची. पण खरं सांगायचं तर मलाही रडायचंच होतं.

टोपी मिलिसावने स्वतः उचलून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी ती हंड्यावर बसवली. एकाने दाबून धरली, दुसऱ्याने फटीला कणीक लिंपली. मग दिवसभर नुसती कटकट. हा म्हणे आच जास्त आहे, तो म्हणे तुला काय कळतंय. सुरुवातीचं वाटीभर, जे पिण्यासारखं नसतं, ते कोणी ओतून टाकायचं यावरून वाजलं, दुसऱ्यांदा गाळताना धार कधी तोडायची यावरून पुन्हा वाजलं. मी अंगणात मिरच्या माळत ऐकत होते. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

शनिवारी कबरीवर मेणबत्त्या लावल्या, पाव ठेवला, प्रार्थना झाली. व्हिदोयेने ग्लास भरले. मेलेल्याच्या नावाने पिताना आम्ही ग्लासाला ग्लास भिडवत नाही. तिघांनी थोडी थोडी राकिया मातीवर ओतली. मिलिसावने घोट घेऊन डोळे मिटले. कडक उतरली होती, घशापासून पोटापर्यंत रस्ता दाखवत गेली. व्हिदोये त्याच्या तोंडाकडे बघत होता, काय म्हणतो म्हणून.

फुलांसाठी आणलेला पाण्याचा तांब्या खाली ठेवला होता, तो मिलिसावने वाकून उचलला आणि आपल्या ग्लासात थोडंसं पाणी घातलं.

व्हिदोयेने आपलाही ग्लास पुढे केला.