मुन्शीचं शपथपत्र

मी रहेमतुल्ला, खामगावच्या कोर्टात महादेवराव वकिलांचा मुन्शी होतो. पक्षकारांच्या तारखा माझ्या डायरीत असायच्या. साहेबांची एकच तारीख चुकली.

पिंपळगाव राजाच्या शालूबाईचं दोन एकर वावर तिच्या दिरानं दाबलं होतं. दावा तिच्या बाजूनं चालला होता, तेवढ्यात साहेब आमदार झाले. शपथविधीला मुंबईला निघताना मी म्हटलं, "साहेब, उद्या शालूबाईची तारीख हाये. कोनाले तरी उभं करून जाऊ."

"एका दिवसानं काही होत नाही रे. तूही चल, गाडीत जागा आहे."

गेलो. गुलाल लावून नाचलोही, खोटं कशाला बोलू! शालूबाईला तर आम्हीच सांगितलं होतं, की तू यायची गरज नाही. तीन वेळा पुकारा झाला, कोणी उभं राहिलं नाही आणि दावा खारीज झाला.

महिन्याभरात अर्ज दिला असता, तर तो पुन्हा उभा राहिला असता. पण अर्जात वकिलाची चूक लिहावी लागते, आणि नव्या आमदाराची चूक लिहिणार कोण? साहेब म्हणाले, "बघू. तोवर तिला तारखा देत राहा."

सात वर्षं दिल्या. ती एस.टी.नं यायची, कोर्टाबाहेर लिंबाखाली बसायची. "काय झालं, रहेमतभाऊ?" "पुढची तारीख पडली, बाई." एवढा हलकट होतो मी.

साहेब पुढची निवडणूक हरले, परीक्षा देऊन न्यायाधीश झाले आणि लांबच्या जिल्ह्यात गेले. शालूबाईनं निशिगंधा नावाची वकील केली. तिनं पहिल्याच दिवशी सगळं शोधून काढलं. मग मीही बाईला सारं खरं सांगून टाकलं. ती उठून एस.टी.च्या वाटेला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चूक कोणाची ते कोणी शपथेवर लिहून दिलं, तर उशीर माफ होऊन दावा अजूनही उभा राहील, असं निशिगंधा म्हणाली, म्हणून मी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. त्यांच्या एका निकालाची तेव्हा पेपरात वाहवा चालली होती. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असं त्यात होतं.

"साहेब, हेच एका कागदावर लिहून द्या. बाईचं वावर वाचते."

"या खुर्चीवर बसून शपथपत्र देऊ? लोक काय म्हणतील?" त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. "तूच दे ना. तारखा तूच सांभाळायचास."

डायरी माझ्या पिशवीत होती. त्या तारखेसमोर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'साहेबाले सांगितलं'. मी ती काढलीच नाही. न्यायाधीशाशी भांडत बसलो असतो, तर बाईची आणखी सात वर्षं गेली असती.

शपथपत्रात लिहिलं गेलं, की तारीख मुन्शीच्या हलगर्जीपणामुळे चुकली आणि त्यानंच पक्षकाराला अंधारात ठेवलं. मी सही करताना शालूबाई म्हणाली, "भाऊ, हे अर्धं खोटं हाये."

"अर्धं खरं बी हाये, बाई."

दावा पुन्हा सुरू झाला. चाळीस वर्षं कोर्टात घालवली, पण कोर्टाच्या हुकमात माझं नाव पहिल्यांदाच आलं, तेही पाच वेळा. साहेबांचं नाव कुठेच नाही. एका ओळीत फक्त 'तत्कालीन विद्वान वकील' एवढंच आहे.