निरंकार मंगळवार

वास्तुशांतीला आम्ही सातशे माणूस जेवू घातलं, आणि त्यातल्या एकानंही नंतर विचारलं नाही की बाई, हे सगळं कशातून केलंस. स्लॅबचं घर झालं म्हणून मंडप, बुंदी, दोन भाज्या, वर नवा फ्रिज आणि सोफा. आदिनाथ, म्हणजे आमचे हे, युसूफ वडगावात एका खाजगी शाळेत क्लार्क आहेत. पगार बावीस हजार आणि पतसंस्थेच्या पर्सनल लोनचा हप्ता साडेनऊ हजार. तीन हप्ते थकले तेव्हा पतसंस्थेचा माणूस सरळ शाळेत जाऊन हेडमास्तरांसमोर बसला. त्या दिवशी हे घरी आले आणि नव्या सोफ्यावर न बसता खाली फरशीवर बसले. मला दया आली नाही, रागच आला. बुंदीचा हट्ट यांचाच होता.

दुसऱ्या दिवसापासून घर मी हातात घेतलं. पाण्याचा जार बंद केला, बोअरच्या पाण्यात तुरटी फिरवायला लागले. गॅस फक्त चहापुरता, भाकरी अंगणातल्या चुलीवर. यांची गायछाप आणि स्टँडवरचा चहा एकाच दिवशी तोडला, तेव्हा आठवडाभर हे माझ्याशी धड बोलले नाहीत. दोन मोबाईलपैकी एकालाच रिचार्ज. माझी लेक रोहिणी दहावीला, ती रिक्षा सोडून सायकलवर जायला लागली. मी स्वतः पार्लर, भिशी आणि मैत्रिणींच्या हळदीकुंकवाची वाणं सोडली. चौथ्या महिन्यात थकलेले हप्ते भरून झाले आणि मी गावात ताठ मानेनं चालायला लागले. काटकसर करता येते याचाही एक माज असतो, तो मला चढला होता.

राहिल्या सासूबाई. कौशल्याबाई त्यांचं नाव, पण आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांना शुगर होती. केजच्या डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी दिली होती आणि आम्हा दोघींना समोर बसवून बजावलं होतं, की गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलं पाहिजे, उपाशी राहायचं नाही. गोड बंद, भात कमी. आमच्या डोक्यात गोड बंद आणि भात कमी एवढंच शिरलं. पथ्य म्हणजे काय खायचं नाही, एवढंच आमच्याकडे माणसांना कळतं. काय खाल्लंच पाहिजे हे कोणी पथ्यात धरत नाही.

घरातला प्रत्येक जण काहीतरी सोडतोय हे आत्या बघत होत्या. एक दिवस भाकरी थापताना माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सत्यशीला, मी बी कायतरी सोडावं म्हणते. पर माझ्याजवळ सोडाया हायच काय?" खरंच काही नव्हतं. ना पान, ना तंबाखू, ना फोन. मी हसून म्हणाले की तुम्ही आशीर्वाद द्या म्हणजे झालं. त्यांना ते पटलं नसावं, कारण पुढच्या आठवड्यापासून त्यांनी उपवास धरले. सोमवार आणि एकादशी आधीपासून होत्या, त्यात मंगळवार, शुक्रवार आले. उपवासाला कोण नको म्हणणार? मुलगा नाही, सून नाही, शेजारीण तर नाहीच नाही.

महिनाअखेरीला मी किराण्याची चिठ्ठी बघितली आणि माझं डोकं फिरलं. साबुदाणा, भगर, शेंगदाणे. मी थट्टेच्या सुरात म्हणाले, पण म्हणाले: "आत्या, तुमचा देव लई महागाचा हाय बघा. रोजच्या जेवणापरीस उपवास जास्ती पडतोय." त्या हसल्या. पुढच्या मंगळवारी त्यांनी निरंकार धरला. म्हणजे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पाण्याशिवाय पोटात काही नाही. मी विचारलं, मग आजची गोळी?

"घेतली की. पैसं मोजून आणलीय, टाकून द्यायची व्हय?"

मला त्यांचं कौतुक वाटलं. आपल्याला ही सासू शोभते असं वाटलं. ते कौतुक आता आठवलं की माझी मलाच किळस येते.

पौषात थंडी चांगली पडली होती. एका मंगळवारी दुपारी आत्या ओसरीत बसल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. हातपाय थरथरत होते, नजर कुठेतरी लांब लागलेली, आणि तोंडानं काहीतरी तुटक चाललं होतं. मी घाबरून शेजारच्या छबुबाईंना हाक मारली. छबुबाईंनी दारातूनच बघितलं, चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला. त्यांनी आत जाऊन देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं, आत्यांच्या कपाळाला लावलं आणि नैवेद्याची साखर चिमूट चिमूट करून त्यांच्या तोंडात घातली. दहा-पंधरा मिनिटांत आत्या शांत झाल्या. डोळे नीट उघडून विचारायला लागल्या, काय झालं, तुम्ही दोघी अशा का बघताय? त्यांना काहीच आठवत नव्हतं. आठवत नाही म्हणजे देवीच अंगात आली होती, हा छबुबाईंचा निकाल. चार उपवास ते सुद्धा निरंकार, मग देवी येणार नाही तर काय होईल, असं त्या गल्लीभर सांगत गेल्या.

माझा विश्वास बसला नाही. मी बारावी सायन्स केलेली बाई आहे. अशक्तपणा असेल, केजला दाखवून आणावं, असं माझ्या मनात आलं. मग डॉक्टरांची फी, रक्ताच्या तपासण्या, जाण्यायेण्याचं भाडं असा हिशोब मनात आला आणि मीच यांना म्हणाले की हा हप्ता जाऊ द्या, मग बघू. हे लगेच हो म्हणाले. काटकसरीत नवरा-बायकोचं इतकं जुळलेलं कधी नव्हतं.

पुढच्या मंगळवारी छबुबाई दोघींना घेऊन आल्या. एकीची गळ्यातली पोत हरवली होती, दुसरीच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं. दुपार झाली, आत्यांना घाम फुटला, थरथर सुरू झाली. त्या काहीतरी पुटपुटल्या, "विहिरीकडं... विहिरीकडं..." असं, आणि चार दिवसांनी ती पोत म्हणे विहिरीजवळच्या दगडात सापडली. झालं. आत्यांनी शुक्रवारही निरंकार केला आणि मंगळवार-शुक्रवार आमची ओसरी भरायला लागली. बायका नारळ आणायच्या, पायाशी दहा-वीसच्या नोटा ठेवायच्या, कोणी पन्नाससुद्धा. विचारून झालं की छबुबाई साखर भरवायच्या आणि अंगातलं वारं उतरायचं. आत्या नंतर मला हळूच म्हणायच्या की हात जड झालाय गं, जीभ वळत नाही, दिवसभर डोळ्यांपुढं अंधारी येते. मी म्हणायची, पडा जरा. देवीचे म्हणून पहिले पैसे मी देव्हाऱ्यात ठेवले. चौथ्या मंगळवारी ते हप्त्यात घातले.

तेव्हा मला काहीच कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. रात्री आत्या पोटभर भाकरी खायच्या आणि अगदी पहिल्यासारख्या व्हायच्या, रोहिणीच्या वेण्या घालायच्या, जुन्या गोष्टी सांगायच्या. जेवल्यावर देवी फिरकत नाही, हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी त्याकडे पाठ करून बसले होते, कारण त्या ओसरीतून महिन्याला अठराशे-दोन हजार निघत होते.

उलट माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. शुगरच्या बाईला दर मंगळवारी, दर शुक्रवारी या बाया साखर चारतात, म्हणूनच आत्यांची तब्येत उतरत चाललीय. पोटात अन्न नाही हे मी विचारात घेतलंच नाही. साखर वाईट, एवढं मला ठाऊक होतं, आणि आपण सासूची काळजी घेतोय याचं मला आतून बरंही वाटलं.

चैत्रातला मंगळवार. फक्त दोन हप्ते राहिले होते. ऊन इतकं की ओसरीतल्या पंख्याचा वारासुद्धा भाजत होता. चौदा बायका बसल्या होत्या. आत्यांना त्या दिवशी लवकर, अकरा वाजताच सुरू झालं. लुगडं घामानं पाठीला चिकटलं होतं, मान एका बाजूला लवली होती आणि बोलणं कळेनासं झालं होतं. एका-दोघींचं विचारून झालं तशी छबुबाईंनी साखरेची वाटी उचलली. मी त्यांचं मनगट धरलं.

"साखर न्हाई द्यायची. शुगर हाय त्यास्नी. डॉक्टरनं सांगितलंय."

हे मी काळजीनं म्हणाले. आणि मागे अजून दहाबारा जणी विचारायच्या राहिल्या होत्या, हेही माझ्या मनात होतं. दोन्ही खरं आहे. त्यातलं कोणतं किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

छबुबाईंनी वाटी खाली ठेवली. आज वारं लांबलं म्हणून बायका खूश झाल्या, पुढे सरकून बसल्या. अर्धा तास गेला असेल. आत्या कुणाच्याच प्रश्नाला काही बोलेनात, नुसतं घशातून घरघर यायला लागलं. मग त्या कुशीवर कलंडल्या, दातखीळ बसली, डोळे पांढरे झाले. चौदा जणींनी हात जोडले. मी एकटीच किंचाळले.

शेजारच्या जीपमधून अंबाजोगाईला नेईपर्यंत तास-दीड तास गेला. वाटेत हे शाळेतून येऊन जीपमध्ये चढले आणि त्यांनी आईचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं बोटाला सुई टोचली आणि मशीनकडे बघून नर्सला ओरडूनच सलाईन लावायला सांगितलं. रक्तातली साखर सव्वीस होती. त्यानं विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हणाले, उपवास होता. गोळी घेतली होती? घेतली होती. असं याआधी कधी झालं होतं का? मी सगळं सांगितलं, घाम, थरथर, बडबड, दर मंगळवारी, दर शुक्रवारी. मग त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "एवढ्या बायका होत्या ना तिथं? कुणीच चिमूटभर साखर नाही घातली तोंडात?"

हे माझ्याकडे बघत होते. मी खाली बघितलं.

आत्या वाचल्या. नऊ दिवसांनी घरी आणलं. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, आता जेवढं परत येईल तेवढं येईल, असं डॉक्टर म्हणाले. काही आलं नाही. भरवलं तर खातात, धरून नेलं तर चालतात, रोहिणीला ओळखत नाहीत. यांनाही नाही. दिवसभर ओसरीत भिंतीला टेकून त्या समोर बघत बसतात. दवाखान्याचं बिल भरायला यांनी त्याच पतसंस्थेतून जुन्याच्या दुप्पट कर्ज काढलं. हप्ता किती, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यानंतरचा पहिला मंगळवार आला आणि दुपारी दारात चपला वाजल्या. छबुबाई पुढे, मागे आठ-दहा जणी. आत्यांची ती नजर बघून त्या जागच्या जागी वाकल्या. छबुबाई म्हणाल्या, आता देवी कायमची मुक्कामाला आली, वडगावचं भाग्य. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि त्यांना आत येऊ दिलं नाही.

"देवी न्हवती ती," मी म्हणाले. "भूक व्हती. गोळी खाऊन दिवस दिवस उपाशी बसत व्हत्या आत्या, आमचा हप्ता भरावा म्हणून. छबुबाई, तुमच्या साखरंनं त्या वाचत व्हत्या. मी तुमचा हात धरला."

छबुबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जसा खुळ्या झालेल्या माणसाच्या फिरवतात तसा, आणि बाकीच्यांना हळूच म्हणाल्या की पोरीनं लई सोसलंय, तिचं मनावर घेऊ नका. मग मला बाजूला सारून त्या आत गेल्या, आत्यांच्या पायाला हात लावला आणि तिथं दहाची नोट ठेवली. पाठोपाठ बाकीच्या गेल्या.

त्या नोटांना मी शिवले नाही. संध्याकाळी शाळेतून आल्यावर यांनी त्या गोळा केल्या, मोजल्या आणि खिशात घातल्या. मग मला म्हणाले, शुक्रवारी ओसरीत सतरंजी टाकून ठेव.