वाळूतल्या चेहऱ्याची तारीफ

ब्रह्मपुरीच्या आसपास कुठल्याही गावात नाटक असू द्या, नटांच्या मागे लोंबणारा राजवाडा माझा असतो. जंगल माझं, तुरुंग माझा, चांदणी रातसुद्धा माझीच. देवराव पेंटरचे पडदे मिळावेत म्हणून नाटक मंडळवाले दिवाळीच्या आधीपासून घरी चकरा मारतात. दुसऱ्या पेंटरांची नावं मी घेत नाही, कारण घेण्यासारखी नाहीत.

पण घरात माझी किंमत मांजरपाटाइतकी. पडद्यासाठी तो मांजरपाट माझी बायको सत्यशीला मशीनवर जोडून देते. पडदा रंगवून झाला की ती येते, कमरेवर हात ठेवून पाहते आणि विचारते, "शिवण उसवली तं नाई न?" बस्स. लग्नाला इतकी वर्षं झाली, चित्राबद्दल तिच्या तोंडून एक शब्द नाही. तारीफ करणारे गावोगाव होते हो, पण मला ती तिच्याकडून हवी होती.

चौऱ्याऐंशी साल. सोळा ऑक्टोबरच्या धम्मदीक्षेच्या मेळाव्यासाठी आम्ही दोघं एस.टी.नं चंद्रपूरला गेलो. स्टँडवरून तिथल्या दीक्षाभूमीकडे पायी निघालो. पांढऱ्या लुगड्यांनी रस्ता भरला होता आणि ऊन नुसतं भाजून काढत होतं. वाटेत एका घराचं बांधकाम चालू होतं, तिथे गर्दी दिसली. घुसून पाहतो तर बांधकामासाठी रस्त्यावर टाकलेल्या इरई नदीच्या वाळूतून कोणीतरी बुद्ध घडवले होते. उजव्या कुशीवर निजलेले, हात डोक्याखाली, चिवराची चुणी न् चुणी उमटलेली. लोक फुलं वाहत होते.

आम्ही हात जोडले. मी लगेच मोकळा झालो. सत्यशीला तिथून हलेना.

"अजी, पाहा न," ती म्हणाली, "किती शांत चेहरा हाये."

ऐकून मी जळलो. बुद्धांवर कोण जळेल? मी जळत होतो ते बाजूला उकिडवा बसलेल्या माणसावर. गळ्यात रेशमी रुमाल, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि हसू असं की सगळं चंद्रपूर त्याच्या बापाचं.

"कान जरासा लांब झाला," मी म्हणालो.

"बुद्धाचा कान लांबच राह्यते, भाऊ," तो हसून म्हणाला. लोकही हसले. सत्यशीलासुद्धा.

मग तिनं त्याची विचारपूस सुरू केली. त्याचं नाव कोलू. वैनगंगेकाठचा ढिवर, मासे धरणाऱ्यांतला. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजाची वाडी करायचा, तिथेच वाळूचे बैल, मगरी करता करता हात बसला. आता जत्रा असेल त्या शहरात जायचा आणि रस्त्याच्या कडेची वाळू पाहून बसायचा. बांधकामवाला राजी झाला की झालं.

"भाऊ, तुमच्या हातात जादू हाये," सत्यशीला म्हणाली.

माझ्याकडे बोट दाखवून तिनं एवढंच सांगितलं, "हेही पेंटर हायेत." तेही असं, की जणू माझ्या पायाला फोड आला आहे.

मैदानावर भोजनदान सुरू झाल्याची हाक आली आणि गर्दी पांगली. कोलूनं पहाटेपासून काही खाल्लेलं नव्हतं. "चला भाऊ, मी दाखवते कुठी ते," सत्यशीला म्हणाली. मीही उपाशीच होतो, पण मला कोण विचारतो! कोलूनं झाकणाला भोकं पाडलेला डालड्याचा डबा आणि पाण्याची बादली माझ्यापुढे सरकवली.

"ऊन लय हाये, भाऊ. वाळू सुकली का ढासळते. जरा जरा पानी मारत राहा. तुम्ही पेंटर मानूस, तुमच्या भरोशावर सोडून जातो."

दोघं बोलत बोलत निघून गेली. मी नवऱ्यासारखा नवरा, रस्त्यावर वाळू राखत बसलो.

डबा भरला आणि तसाच मांडीवर ठेवून दिला. म्हटलं, पाहू या जादू किती टिकते. माझा राजवाडा पावसात भिजला, बैलगाडीतून आदळत गेला, एकदा उंदरांनीही चाखला, तरी उभा आहे. हिलाही कळू दे की टिकाऊ काम कोणाचं. चिवराचा रंग फिकट होत गेला. गालावरून वाळूची बारीक धार सुटली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

मग नाक गेलं. नाकामागून ओठ आणि हनुवटी, एकदमच. समोर चेहराच उरला नाही.

काय केलं मी हे? ज्यांच्यापुढे सकाळी हात जोडले, त्यांचाच चेहरा एका रुमालवाल्याच्या रागापायी उन्हात सोडून दिला! मी बादलीवर झडप घातली. वाळू भिजवली, दाबली, पुन्हा लावली. दोनदा घसरली. खिशातला कंगवा काढून त्याच्या पाठीनं नाकाची रेघ धरली, पापण्या नखानं ओढल्या. ओठांशी आलो तेव्हा कोलू डोक्यातून गेला होता, सत्यशीलाही गेली होती. पडद्यावर मी राजे रंगवतो, त्यांना दुरून पाहायचं असतं. इथे चेहरा माझ्या श्वासाइतका जवळ होता. असा हात माझा कधी चालला नव्हता. उठून मागे सरलो तर माझाच विश्वास बसेना.

कंगवा खिशात टाकून हात धुतले, तोच दोघं आली.

सत्यशीला दोन पावलं अलीकडेच थांबली. पाहत राहिली. मग खाली बसली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

"सकाळी शांत होता चेहरा," ती म्हणाली. "आता तं मायेनं पाहून राह्यले, असं वाटते. हे ओठ... भाऊ, असं काम म्या जिंदगीत नाई पाह्यलं."

भाऊ! ती हे कोलूला सांगत होती.

कोलूनं चेहऱ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या बादलीकडे, मग माझ्याकडे. त्याचं हसू गेलं. "बाई, हा चेहरा तं..."

शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. माझा आहे म्हणायचं, की झालं. पण मग चेहरा पुन्हा का करावा लागला, हे ती विचारणारच. आणि पाण्यानं भरलेली बादली जवळ असताना मी बुद्धांचा चेहरा ढासळू दिला, हे ऐकून ती माझ्याकडे कसं पाहील, ते मला दिसत होतं.

"ह्या भाऊचाच हात," मी घाईनं म्हणालो. "म्या नुसतं पानी मारलं. वाळू भिजली का काम खुलते."

कोलू क्षणभर घोटाळला. मग हात जोडून हसला आणि माझी तारीफ त्यानं खिशात घातली. त्याचा गळा धरावासा वाटला मला.

परतीच्या गाडीत सत्यशीला कधी नव्हे ती खुशीत होती. "आज पह्यल्यांदा दुसऱ्याच्या कामाले चांगलं म्हनलं तुम्ही," ती म्हणाली. "मले लय बरं वाटलं."

माझ्यानं राहवेना. "माझ्या पडद्याले तू काऊन कधी चांगलं नाई म्हनत?"

"तुम्हीच इतकं म्हनता, का माझ्यासाठी काई उरतच नाई." ती हसली. माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाली, "राग नका मानू, पन तुमचे राजे पुतळ्यावानी उभे राह्यतात जी. फुडच्या साली त्या भाऊले भेटा. ओठ कसे काढते, ते शिकून घ्या त्याच्यापासून. शिकान न?"

मी हो म्हणालो.