टॅन पंचेचाळीस आणि पुतळीची पडवी

मी गुण्या बोलतोय. कंपासपेटीतला प्लास्टिकचा नव्हे, फळ्यावरचा. हातभर लांब, सागवानी. रोह्याच्या काळुराम सुताराने मला घडवलं. एक काटकोन, दोन कोन पंचेचाळीसचे. तिथून पेणजवळच्या खाडीकाठच्या शाळेत आलो नि दिनानाथ सरांच्या हाती लागलो.

सर मला जास्त करून पोरांच्या पाठीवर वापरत. वर्ग घोकायचा, "साइन वर्ग थीटा अधिक कॉस वर्ग थीटा बरोबर एक!" का, ते विचारायची सोय नव्हती. अहो, कर्ण एक धरा, पायथागोरस लावा, झालं! पण सरांना माझ्या तीन बाजू कधी दिसल्याच नाहीत.

शहाण्णवच्या डिसेंबरात सरपंच हैबतरावांनी वाळलेला ताड पाडायला काढला. रस्त्याकडे विजेच्या तारा, म्हणून मिठागरात राबणाऱ्या पुतळीच्या घराकडे पाडायचं ठरलं. घर बुंध्यापासून छत्तीस फुटांवर.

"झाड तीस फुटांचा हाय, पोचनार नाय," हैबतराव म्हणाले.

पुतळीची लेक किमया दहावीत. तिने मला शाळेतून पळवलं. दगड बांधलेल्या दोऱ्याने माझी एक बाजू सरळ उभी धरली नि कर्णावरून शेंडा दिसेपर्यंत ती मागे सरकली.

"आये, टॅन म्हंजे उंची भागिले अंतर. पंचेचाळीसला टॅन एक, म्हंजे दोनी सारखी."

अंतर अडतीस फूट, तिच्या डोळ्यांची उंची चार. बेचाळीस!

हैबतराव हसले. त्यांनी सरांना बोलावलं.

सर म्हणाले, "टॅन म्हणजे साइन भागिले कॉस. झाडाचं मला विचारू नका. उंची आणि अंतर हा धडा फेब्रुवारीत आहे."

तेव्हा पुतळी पुढे झाली. "सरपंच, पोचनार नाय ना? मंग या, माझ्या पडवीत बसा. नि मंगच घाव घाला."

हैबतरावांनी एकदा पडवीकडे पाहिलं, एकदा शेंड्याकडे. ताड वरून तुकड्यातुकड्यांनी उतरवला गेला. तुकडे मोजले, बेचाळीस फूट नि वर वीतभर.

"मी म्हनतच होतो," हैबतराव म्हणाले.

पुढच्या चाचणीत किमयाने टॅनची व्याख्या लिहिली: उंची भागिले अंतर. सरांनी दोन्ही गुण कापले. 'थीटा' राहिला होता.

सध्या मी त्याच पेपरांवर पडून आहे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. कुणीतरी मला हलवा हो. माझ्या पोटाखाली किमयाचा पेपर आहे, नि त्यावरची लाल रेघ चुकलीय.