ठकीचा डेलिया

टेलरकाकूंना घाण म्हणून खपायची नाही. चिमूटभर माती घरात आली तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा. आणि नवरा मिळाला होता तो असा, की दिवसभर दुकानात कापड कापायचं आणि उरलेला वेळ मागच्या अंगणात मातीत बसायचं. टेलरकाका आत आले की काकू दारातच पाय धुवायला लावायच्या, आणि काका हटकून एक पाय धुवायचा विसरायचे. लग्न झाल्यापासून हा तमाशा चालू होता, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्यात मजा यायची.

त्याच काकूंनी यंदा आपल्या हाताने डेलियाच्या कंदांचा गड्डा उचलून थेट स्वयंपाकघरात आणला. करणार काय? अर्धांगाच्या झटक्याने काकांचा उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता, आणि तोंडात एकच शब्द उरला होता. बरं. भूक लागली का, बरं. दुखतंय का, बरं. दिवा घालवू का, बरं. डॉक्टर म्हणाले होते, शब्द हळूहळू परत येतील. एकही आला नाही. काकांची मोठी बहीण, म्हणजे काकूंच्या वन्सं, दर आठवड्याला येऊन खुर्चीत बसायच्या आणि भावाच्या तोंडावर सांगायच्या, "त्याला आता काही कळत नाही गं. नुसतं तोंडाला लागलंय ते." काकूंना याचा संताप यायचा. आणि हे खरं असलं तर, या विचाराची धास्तीही वाटायची.

आता हा डेलिया साधासुधा नव्हता. ठकी, म्हणजे यांची एकुलती एक मुलगी, शाळेत जायला लागली तेव्हा बापाच्या बागेतलं मूठभर बी तिने फुटक्या कपात खुपसलं होतं. त्यातलं एकच रोप जगलं. डेलियाच्या बियांचं असं असतं की आईसारखं फूल येईल याचा भरवसा नाही, प्रत्येक बी आपलं वेगळंच सोंग काढतं. ठकीच्या रोपाला गडद तांबडं फूल आलं, पाकळ्यांची टोकं दुधात बुडवल्यासारखी, आणि एक पाकळी हमखास वाकडी. "तुझ्या भांगासारखीच आहे," काका तिला चिडवायचे. पुढच्या हंगामाला फूल होतं आणि ठकी नव्हती. साध्या तापाचं निमित्त झालं.

तेव्हापासून काकांनी ते फूल राखलं होतं. तसं फूल जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि ते पुन्हा हवं तर त्याच कंदाचा कोंब घ्यायचा, दुसरा इलाजच नाही. बाकीचे डेलिया काकांनी सगळ्या गल्लीला वाटले. ठकीचा मात्र कुणाला दिला नाही. एकदा काकूच म्हणाल्या होत्या, शेजारच्या सुताराला एक रोप द्या, आपल्याकडे काही बरंवाईट झालं तर त्याच्याकडे तरी राहील. काका म्हणाले, "पोर कुणी वाटतं का?" आणि दोन दिवस जेवायलाही धड बसले नाहीत. काकूंनी तो विषय पुन्हा काढला नाही. काढायला हवा होता, हे आता म्हणून काय उपयोग.

कारण काकांना झटका आला तो नेमका कंद जमिनीतून काढायच्या दिवसांत. काकू दवाखान्यात, घराला कुलूप, आणि अंगणातले कंद थंडीने आणि ओलीने जागच्या जागी सडले. सुताराने कुंपणावरून उडी मारून वाफ्यातल्या पाट्या वाचल्या आणि ठकीच्या नावाचा एक गड्डा तेवढा उकरून कोरड्या वाळूत ठेवला. बिचाऱ्याने उपकारच केले. तो एकच गड्डा आता उरला होता.

थंडी सरत आली तशी काकूंच्या जिवाची घालमेल सुरू झाली. दर वर्षी काका याच सुमाराला कंद जागे करायचे, हे त्यांनी दारात उभं राहून, नाक मुरडत, पाहिलं होतं. पसरट ट्रे, त्यात ओलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ट्रे गरम पाण्याच्या टाकीवर. मग कोंब यायचे. बोटाएवढे झाले की काका जुन्या ब्लेडने ते कापून वाळूत लावायचे, आणि एका गड्ड्याची डझनभर रोपं व्हायची. एवढंच त्यांना ठाऊक होतं. एवढं पुरेल असं त्यांना वाटलं.

गड्डा हातात घेतला तर काय, मधोमध वाळलेल्या दांड्याचा काळा बुडखा, आणि त्याच्याभोवती रताळ्यांसारखे लोंबणारे कंद, सगळं मातीने माखलेलं. काकूंनी गाजर, मुळा, बीट जन्मभर जसं निवडलं तसंच हेही निवडलं. माती धुतली, मुळं खुडली, आणि देठाकडचं डोकं सुरीने उडवलं. प्रत्येक कंद मानेशी कापून वेगळा केला. तो घाणेरडा बुडखा कचऱ्याच्या बादलीत मावेना, म्हणून त्याचेही दोन तुकडे केले. बटाट्याला कुठूनही कोंब फुटतात, यालाही फुटतील. कंद असे लख्ख झाले की कुणी कोशिंबिरीला घ्यावेत. चाळणीत घालून त्या काकांना दाखवायला गेल्या.

काका बिछान्यात अर्धे उठून बसले. "बरं," ते म्हणाले. मग "बरं, बरं, बरं," आणि डावा हात स्वयंपाकघराकडे करून हलवत राहिले, मान लाल होईपर्यंत. काकूंना इतकं भरून आलं. कित्येक दिवसांत त्यांना असा उत्साह दिसला नव्हता. "करते हं चहा," त्या म्हणाल्या, आणि चहा करून आणला. काकांनी तो घेतला नाही. कप कलंडला, चादर भिजली, काकूंनी चादर बदलली. बादली त्याच संध्याकाळी मागच्या खताच्या पिंपात रिकामी झाली.

पुढचे दिवस काकूंनी त्या ट्रेवर डोळ्यांत तेल घालून पहारा केला. सकाळी उठल्या उठल्या आधी टाकीकडे, मग नवऱ्याकडे. काही दिवसांनी एका कंदाला पांढरी मुळं फुटली, दोऱ्यांसारखी बारीक. काकू धावत काकांकडे गेल्या. मुळं आली म्हणजे कोंबही येणार, त्या म्हणाल्या. काकांनी बघितलं, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि ते रडले. आनंदाने रडताहेत असं समजून काकूही शेजारी बसून रडल्या. आता हसावं की रडावं, सांगा.

कोंब काही येईनात. मुळं वाढली, कंद टणक राहिले, पण वर काही नाही. काकूंनी पाणी वाढवलं, मग घाबरून कमी केलं. टाकीची आच वाढवली, ट्रेवर काच ठेवली, काच काढली, खिडकीत नेला, परत आणला. आपण चुकलोय हे त्यांना आतून कळत होतं, पण कुठे, ते कळेना, आणि ज्याला कळत होतं त्याला विचारावं तर "बरं". पाणी जास्त झालं का? बरं. कमी झालं का? बरं. एकदा त्या चिडून ओरडल्याच, की मी मेले तरी तुम्ही "बरं"च म्हणाल. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. काकू न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडल्या.

मग एक कंद मऊ पडला. त्याच्यामागून दुसरा. बोट लावलं तर आत जायचं, आणि वास सगळ्या घरभर. वन्संनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, फेकून दे ते, बाजारात ढीगभर डेलिया मिळतात, लाव दुसरा, त्याला काय कळणार आहे. काकूंनी त्यांना आयुष्यात कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आजही दिलं नाही. फक्त टाकीवरचा ट्रे उचलला, काकांच्या खोलीत नेला, आणि स्वच्छ पांढऱ्या चादरीवर, काकांच्या मांडीवर, ओल्या कोकोपीटसकट ठेवून दिला.

"मला नाही जमलं," काकू म्हणाल्या. "तुमच्या ठकीला मी मारलं. काय चुकलं ते तरी सांगा."

या वेळी "बरं" आलं नाही. काकांनी डावा हात ट्रेत घातला. तेव्हा काकूंच्या लक्षात आलं की इतके दिवस आपण यांना सगळं लांबूनच दाखवलं, यांच्या हातात कधी दिलंच नाही. काकांनी एक धड कंद निवडला आणि कापलेल्या टोकावर अंगठा फिरवला, कापडाची किनार तपासावी तसा. मग कंद ठेवून दोन बोटं उघडमीट केली. कात्री. जन्मभर कात्री चालवलेला माणूस तो, दुसरं काय करणार. आणि मग तोच हात पुन्हा, त्या दिवशीसारखाच, स्वयंपाकघराकडे.

काकू कात्री आणायला उठल्या आणि दारातच थबकल्या. कापायचं नाही, कापलंय. तिथे, ओट्यावर. उडवलेलं डोकं. कोंब फुटायचे डोळे कंदाच्या अंगावर नसतातच, ते त्या घाणेरड्या बुडख्यापाशी असतात. चहा नको होता त्यांना. त्यांना बादली हवी होती.

काकू धावल्या. मागच्या अंगणात जाऊन पिंप आडवं पाडलं आणि, ज्यांना चिमूटभर माती खपत नव्हती त्या टेलरकाकू, कोपरापर्यंत हात घालून सडक्या कचऱ्यात बसल्या. वरचा थर गार होता. सालं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, कुजका कोबी. खाली खाली ऊब लागायला लागली, तोंडावर वाफ यायला लागली. कुंपणापलीकडून सुतार विचारत होता, काय हरवलं काकू, फावडं देऊ का. फावडं नको, एवढं काकू कसंबसं म्हणाल्या.

पहिला तुकडा मिळाला तो हातातच विरघळला. काळा चिखल. दुसरा त्याच्याही खाली होता, आणि त्याच्यातून, खरंच, एक कोंब वर आला होता. उजेड न मिळाल्याने पिवळाफिक्का, लांबुडका, टोकाला दोन मिटलेली पानं. इतके दिवस घरात ज्याला आळवत होत्या तो इथे अंधारात, कचऱ्याच्या उबेत, आपला आपण उगवून बसला होता. काकूंच्या तोंडून हुंदका फुटला. त्यांनी बुडखा मोकळा करायला हात घातला, घाईघाईने, आणि कोंब काडकन तुटला.

बुडखा खालून सडलेला होता, उचलला तसा भुगा झाला. एका हातात तो भुगा आणि एका हातात तो तुटका कोंब. काकू उठल्या, न धुतलेल्या पायांनी घरभर चिखलाची पावलं उठवत काकांपाशी गेल्या, आणि दोन्ही हात त्यांच्यापुढे उघडले.

"होता हो. माझ्या हातूनच तुटला."

काकांनी भुग्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोंब उचलला. उजेडासमोर धरला, फिरवला, तुटलेली जागा निरखली. मग दोन बोटं उघडमीट केली, आणि काकूंना अजून समजेना तेव्हा हनुवटीने कपाटाकडे दाखवलं. वरच्या खणात जुनं ब्लेड होतं. तेव्हा कुठे काकूंच्या डोक्यात उजेड पडला. काका दर वर्षी कोंब तोडायचेच. जागे करायचे ते तोडण्यासाठीच. तुटलेल्या कोंबाचंच रोप व्हायचं.

पाटावर काकूंनी कोंब धरला आणि काकांनी डाव्या हाताने ब्लेड टेकवलं. तो हात सवयीचा नव्हता, काकूंनी मनगटाला आधार दिला. पानांच्या जोडाखाली, सरळ, एकच काप. वाळू ओली करून कपात भरली. किती खोल, ते काकांनी अंगठ्याच्या पेरावर दाखवलं. वर काचेचा ग्लास पालथा घातला.

सगळं झाल्यावर काकूंनी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. "अहो, जगेल का हो?"

काका त्या फिक्क्या पानांकडे बघत राहिले. काकू वाट बघत होत्या, त्या एका शब्दाची, निदान खोट्या दिलाशाची. काकांचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. शब्द आला नाही. काकूंना ते उत्तर समजलं. इतक्या दिवसांत त्यांना मिळालेलं ते पहिलं खरं उत्तर होतं.

कप त्यांनी टाकीवर नेला नाही, काकांच्या डाव्या हाताशी स्टुलावर ठेवला. चादरीवरचा चिखल तसाच राहू दिला. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "चहा टाकू का?"

"बरं," काका म्हणाले.